टेकूची उंची

(मोटार इंजिनांच्या इतिहासावरील आकाशवाणी भाषणाचा संपादित भाग)

शाळेत विज्ञानाच्या तासाला आपण सगळेच तरफ शिकलो. एक दांडी, तिच्याखाली टेकू, एका बाजूला बल आणि दुसऱ्या बाजूला भार. अडकित्ता, कात्री, सी-सॉ ही तिची रोजच्या पाहण्यातली उदाहरणं. फळ्यावरच्या त्या आकृतीत टेकू कायम जागच्या जागी असे. तो हलला तर काय होईल, असं कुणी विचारत नसे आणि गुरुजीही त्या वाटेला जात नसत. आज मला ज्या इंजिनाबद्दल बोलायचं आहे, त्यातल्या तरफेचा टेकू हलता होता. पान्याने एक नट फिरवला की तो वर जाई किंवा खाली येई. १९५५ साली अमेरिकेत आलेल्या शेवरोलेच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची ही गोष्ट. शर्यतीसाठी इंजिन बांधणाऱ्या माणसाला मोजमापाची जी शिस्त लागते, ती शिकवण्यात या हलत्या टेकूचा वाटा मोठा आहे.

मी अनेक वर्षं मोटार अभियांत्रिकी शिकवली. विद्यार्थ्यांना पिस्टन आवडतो, टर्बो आवडतो, पण व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा धडा आला की वर्ग पेंगायला लागतो. खरं तर इंजिनाचा श्वास तिथेच चालतो. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत घेणारा एक व्हॉल्व्ह, जळलेला वायू बाहेर सोडणारा दुसरा. व्हॉल्व्ह म्हणजे एक चकती आणि तिला जोडलेला लांब दांडा. स्प्रिंग त्याला मिटून ठेवते आणि कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याला उघडतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, अशी रचना असेल तर मध्ये दोन निरोपे लागतात. एक उभी दांडी, तिला पुशरॉड म्हणतात, आणि वर एक आडवी तरफ, तिचं नाव रॉकर. पुशरॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो, दुसरं टोक खाली येतं आणि व्हॉल्व्ह दाबतं. मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीचं झाकण काढून ‘टॅपेट वाजतायत’ असं म्हणत मेकॅनिक जिथे फिलर गेजची पाती सरकवायचा, ते याच रॉकरचं टोक.

व्हॉल्व्ह डोक्यात बसवण्याची कल्पना १९५५ची नव्हे. अमेरिकेत ब्यूकची गाडी १९०४ सालापासून अशा इंजिनावर चालत होती. शेवरोलेही याच वाटेने गेली. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला, तेव्हा तिथे तयार झालेल्या शेवरोले गाड्यांमध्येही पुशरॉड आणि रॉकर होतेच. पुढच्याच वर्षी कंपनीने सहा सिलिंडरचं इंजिन आणलं आणि ते पंचवीस वर्षं तिचा मुख्य आधार राहिलं. मजबूत, पण गंभीर प्रकृतीचं. तरुण मुलांना त्याचं आकर्षण नव्हतं. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. त्यामुळे पुढच्याच वर्षी आलेलं ते नवं इंजिन मुंबईत जुळवलं जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

तरुणांचं लाडकं इंजिन होतं फोर्डचं. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. त्यातले व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेले होते. कॅम थेट खालून त्यांना उचलत असे. म्हणजे पुशरॉड नाही, रॉकर नाही आणि टेकूचा प्रश्नही नाही. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर मुलं या इंजिनांच्या जुन्या गाड्या पळवत. १९३७ साली त्यांनी स्वतःची संघटनाही काढली. या छंदाला पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडलं आणि १९४८च्या जानेवारीत त्याच नावाचं मासिकही निघालं. पण बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाला एक मर्यादा होती. ज्वलनाची जागा पसरट आणि वाकडी असल्यामुळे त्यात मिश्रण फार दाबता येत नसे आणि हवेलाही वळसा घालून आत यावं लागे. महायुद्धानंतर चांगल्या प्रतीचं पेट्रोल मिळू लागलं, जास्त दाब देणं शक्य झालं आणि मग व्हॉल्व्ह वर नेणं भागच पडलं.

या टप्प्यावर एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. झोरा आर्कस-डंटोव्ह. जन्म १९०९चा, ब्रसेल्सचा. आईवडील रशियन, शिक्षण बर्लिनमध्ये. युद्धाच्या काळात अमेरिकेत आलेल्या या अभियंत्याने आपल्या भावाबरोबर फोर्डच्या त्याच व्ही-८साठी वर व्हॉल्व्ह असलेली हेड तयार केली. ‘आर्डन’ या नावाने ती ओळखली जातात. ट्रकची ताकद वाढवायला केलेली ही हेड शर्यतवाल्या मुलांनी उचलून धरली. दुसऱ्याने बनवलेल्या इंजिनावर नवी व्हॉल्व्ह यंत्रणा चढवायची तर काय काय जुळवावं लागतं, याचा अनुभव डंटोव्ह यांना असा आधीच मिळालेला होता. १९५३ साली ते जनरल मोटर्समध्ये रुजू झाले.

तिकडे १९४९ साली जनरल मोटर्सच्याच कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबिल या दोन महागड्या गाड्यांमध्ये वर व्हॉल्व्ह असलेली नवी व्ही-८ इंजिनं आली होती. त्यांचे रॉकर एका लांब आडव्या शाफ्टवर ओवलेले असत. शाफ्ट हेडला पक्का बोल्ट केलेला. म्हणजे टेकूची उंची कारखान्याने ठरवली आणि बोल्ट आवळून कायमची बंद केली. काम चोख, पण खर्चिक. प्रत्येक रॉकर ओतायचा, त्याला भोक पाडायचं, ते गुळगुळीत करायचं, शाफ्टमधून तेलाच्या वाटा काढायच्या. महाग गाडीला हे परवडतं. शेवरोले मात्र सर्वसामान्यांची गाडी होती.

पाँटिॲक या भगिनी कंपनीतल्या क्लेटन लीच या अभियंत्याने यावर तोडगा काढला होता. रॉकर ओतायचाच नाही. पोलादी पत्रा प्रेसखाली दाबून त्याला छोट्या होडीसारखा आकार द्यायचा. होडीच्या तळाला एक लांबट खाच. हेडमधून वर आलेला एक स्टड त्या खाचेतून जाऊ द्यायचा, वरून अर्धगोल मणी ठेवायचा आणि मण्यावर नट आवळायचा. रॉकर त्या मण्याखाली डुलतो. शाफ्ट नको, बुश नको. प्रत्येक व्हॉल्व्हचा रॉकर स्वतंत्र, हलका आणि अतिशय स्वस्त. १९५२ साली शेवरोलेचे मुख्य अभियंता झालेले एड कोल हे कॅडिलॅकच्या १९४९च्या इंजिनावर काम करून आलेले होते. त्यांनी नव्या इंजिनासाठी ही कल्पना घेतली. तेल वर नेण्यासाठी पुशरॉडच पोकळ केला. तेल त्या नळीतून चढतं आणि रॉकरवर पडतं.

१९५५ सालच्या गाड्यांबरोबर हे इंजिन आलं. २६५ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचं. ताकद १६२ अश्वशक्ती, चार तोंडांचा कार्बोरेटर लावला तर १८०. आठ सिलिंडरचं असूनही ते कंपनीच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा हलकं होतं. रॉकर हलके असल्यामुळे ते वेगात सहज फिरत असे. लहान आकारामुळे पुढे त्याला ‘स्मॉल ब्लॉक’ हे नाव पडलं.

आता त्या नटाकडे वळू. शाफ्टवरच्या रॉकरचा टेकू पक्का असतो हे आपण पाहिलं. या नव्या रचनेत मणी म्हणजेच टेकू, आणि तो स्टडवर कुठे थांबेल हे नट ठरवतो. पण नट तरी किती आवळायचा? रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट योग्य होईपर्यंत. आणि ती फट पुशरॉडच्या लांबीवर अवलंबून. पुशरॉड लांब असेल तर नट वरच थांबतो, टेकू वर राहतो. पुशरॉड आखूड असेल तर नट आणखी खाली न्यावा लागतो, टेकूही खाली येतो. या इंजिनाच्या रॉकरचं गुणोत्तर दीडास एक आहे. साधं गणित केलं तर पुशरॉड एक मिलिमीटरने लांब झाला की टेकू सुमारे सहा दशांश मिलिमीटर वर सरकतो. म्हणजे वरकरणी नुसता निरोप्या वाटणारी ती दांडी या इंजिनात टेकूची उंची ठरवते. फट मात्र दोन्ही वेळा बरोबरच येते. फिलर गेज घालून पाहणाऱ्याला काहीही बिघडलेलं दिसत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

कारखान्यात याने काही अडलं नाही. ब्लॉकची उंची, हेडची जाडी, व्हॉल्व्हची लांबी, कॅमचा आकार, पुशरॉड हे सगळं एकाच आराखड्यातून आलेलं. कामगाराने नट आवळला की टेकू आपोआप हव्या त्या उंचीवर बसे. घोळ सुरू होणार होता तो इंजिन कारखान्याबाहेर पडून कुणी खोलल्यावर. आणि ते खोललं जावं, अशी इच्छा असलेला माणूस कंपनीतच बसला होता. डिसेंबर १९५३मध्ये डंटोव्ह यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. तरुण, हॉट रॉडवाले आणि शेवरोले असा त्याचा विषय. हा वर्ग फोर्डच्या मागे आहे, तो आपल्याकडे वळवायचा तर त्यांना ताकद वाढवणारे सुटे भाग आपणच पुरवले पाहिजेत, असा त्याचा मथितार्थ. मोटार उद्योगाच्या इतिहासात त्या टिपणाला आज मानाचं स्थान आहे.

निकाल लवकरच दिसले. १९५५च्या सप्टेंबरात डार्लिंग्टनच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत हर्ब थॉमस यांनी शेवरोले पहिली आणली. ती गाडी तयार केली होती स्मोकी युनिक या फ्लोरिडातल्या नामांकित गॅरेजवाल्याने. १९५६च्या सुरुवातीला खुद्द डंटोव्ह यांनी डेटोनाच्या वाळूवर कॉर्व्हेट ताशी १५० मैलांच्या वर पळवली, तीही स्वतः आखलेला कॅम घालून. १९५७ साली इंजिन २८३ घन इंचांचं झालं आणि इंधन फवारण्याच्या व्यवस्थेसह त्याची ताकद २८३ अश्वशक्ती सांगितली गेली. त्याच वर्षी अमेरिकी मोटार उत्पादकांनी शर्यतींपासून अधिकृतपणे दूर राहायचं ठरवलं. पण तोवर सुटे भाग आणि इंजिनं देशभरच्या गॅरेजांमध्ये पोहोचली होती. लॉस एंजेलिसमध्ये एड इस्केंडेरियन यांच्यासारखे कारागीर महायुद्धानंतर कॅम घासून देण्याचा धंदाच करू लागले होते.

नवा कॅम व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर उघडत असे. शर्यतीच्या इंजिनात तो बारा-तेरा मिलिमीटर उघडू लागला. वेग वाढला म्हणून स्प्रिंगा कडक झाल्या. मग एकेक दुखणं बाहेर पडलं. कडक स्प्रिंगच्या ओढीने हेडमध्ये नुसते ठोकून बसवलेले स्टड हळूहळू वर सरकू लागले. त्यावर उपाय म्हणून आटे असलेले स्टड आले. रॉकर जास्त डुलू लागल्याने त्याच्या तळाच्या खाचेचं टोक स्टडवर आपटू लागलं. मग लांब खाचेचे रॉकर निघाले. आणि तिसरं दुखणं, सगळ्यांत गुप्त: व्हॉल्व्हचे गाईड लवकर झिजू लागले, तेही एकाच दिशेने, अंडाकृती. तेल जळू लागलं, व्हॉल्व्ह सीटवर नीट बसेना. अगदी वाईट झालं तर दांडा तुटून चकती सिलिंडरमध्ये पडे आणि पिस्टन, हेड, कधी कधी अख्खा ब्लॉक घेऊन जाई.

याचं मूळ टेकूच्या उंचीत होतं. तरफेचं टोक सरळ रेषेत खाली जात नाही, ते वर्तुळाच्या कमानीत फिरतं. व्हॉल्व्ह मात्र सरळच जातो. त्यामुळे रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर थोडं पुढे-मागे घासतंच. ते शून्य करता येत नाही, कमीत कमी करता येतं. समजा रॉकरच्या टोकाला रोलर आहे, टेकूपासून त्याचं अंतर ३८ मिलिमीटर आहे आणि व्हॉल्व्ह १२ मिलिमीटर उघडतो. व्हॉल्व्ह निम्मा, म्हणजे सहा मिलिमीटर उघडलेला असताना रॉकर दांड्याशी बरोबर काटकोनात येत असेल, तर रोलर माथ्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकतो. तोच काटकोन व्हॉल्व्ह मिटलेला असतानाच आला, तर हे सरकणं जवळजवळ दोन मिलिमीटर होतं. चौपट! आणि प्रत्येक सरकण्याबरोबर दांड्याला एक आडवा धक्का, सेकंदाला पन्नास वेळा. म्हणून नियम तयार झाला की निम्म्या उघडीपाशी काटकोन साधायचा. मूळ पत्र्याच्या रॉकरचं टोक गोलसर गादीचं असतं, त्याचं वागणं रोलरपेक्षा थोडं वेगळं. त्यामुळे एकासाठी बरोबर ठरलेला पुशरॉड दुसऱ्याला चालेलच असं नाही.

आता इंजिन पुन्हा बांधताना काय काय बदलतं ते पाहा. हेड फेस मारून घेतलं, की ते ब्लॉकच्या जवळ येतं आणि जुना पुशरॉड तेवढा लांब ठरतो. सीट कापल्या, की व्हॉल्व्ह आत बसतो आणि त्याचा माथा वर येतो. लांब दांड्याचे व्हॉल्व्ह घातले तरी माथा वर येतो. मग पुशरॉड लांब हवा. कॅम घासून पुन्हा आकार दिला असेल, तर त्याचं मूळ वर्तुळ लहान होतं, तिथेही पुशरॉड लांब लागतो. उलट व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम घातला, की निम्मी उघड खाली जाते, म्हणून टेकू खाली हवा, म्हणजे पुशरॉड आखूड. गॅस्केटची जाडी बदलली तर आणखी फरक. एक बदल वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो. एकेक फरक नखाएवढा, पण त्यांची बेरीज काय येईल हे अनुभवी माणसालाही नुसतं बघून सांगता येत नाही.

कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमध्ये काही वर्षांपूर्वी मला हे प्रत्यक्ष पाहायला मिळालं. ओतकामाचं आणि शर्यतींचं दोन्ही वेड असलेलं हे गाव. एका स्नेह्यांनी परदेशातून ३५० घन इंचांचं जुनं स्मॉल ब्लॉक आणलं होतं आणि नवा कॅम, रोलर रॉकर घालून ते बांधायला दिलं होतं. पुशरॉडही नवेच, कॅटलॉगमध्ये छापलेल्या लांबीचे. मिस्त्री मात्र ते बाजूला ठेवून कमी-जास्त करता येणारा एक पुशरॉड लेथवर बनवत बसले होते. स्नेही जरा वैतागले. म्हणाले, “अहो मिस्त्री, कंपनीनेच दिलेली लांबी आहे. मग मोजायचं कशाला?”

मिस्त्रींनी डोकंही वर केलं नाही. “कॅटलॉगवाल्यानं हे हेड बघितलंय व्हय, साहेब? आधी कुणी किती घासलंय ते त्याला काय ठावं?”

मग त्यांनी खऱ्या कडक स्प्रिंगांच्या जागी हाताने दाबता येतील अशा हलक्या स्प्रिंगा घातल्या. या इंजिनातले टॅपेट तेलाच्या दाबावर चालणारे होते; ते मोजताना दबतात आणि आकडा खोटा येतो, म्हणून त्यांच्या जागी भरीव टॅपेट ठेवले. व्हॉल्व्हच्या माथ्यावर मार्करची शाई लावली, रॉकर बसवला आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. रॉकर काढला तर शाई जिथे घासली गेली होती, तिथे चकचकीत पट्टा उमटलेला. कॅटलॉगच्या लांबीला तो रुंद होता आणि एका कडेला गेलेला. मिस्त्रींनी पुशरॉड थोडा आखूड केला, पुन्हा शाई, पुन्हा दोन फेरे. चौथ्या खेपेला पट्टा अरुंद झाला आणि बऱ्यापैकी मध्यावर आला. छापील लांबीपेक्षा दांडी दोन मिलिमीटरने आखूड भरली. “मध्यावर असणं चांगलं, सर,” मिस्त्री मला म्हणाले, “पर आधी बारीक पाहिजे.” पाठ्यपुस्तकात मी जे पानभर समजावून सांगत असे, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पट्टा मध्यावर आहे पण रुंद आहे, तर टेकू चुकलाच आहे.

त्या दुपारी ते एवढ्यावर थांबले नाहीत. ही तपासणी एका मापाची नसते, मापांची साखळी असते. व्हॉल्व्हच्या डोक्याशी डायल गेज लावून तो खरोखर किती उघडतो ते पाहिलं, कारण टेकू चुकला की उघडही कमी भरते. पूर्ण उघडीला स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, स्प्रिंगेवरची टोपी खाली तेलाच्या सीलवर आपटत नाही ना, हे बघितलं. दोन्हीकडे दीडेक मिलिमीटर जागा तरी हवी. पत्र्याचे रॉकर असते तर खाच आणि स्टड यांच्या मध्ये कागदाला लावायची पिन सरळ करून घालून बघितली असती. शेवटी पिस्टनवर लहान मुलांची खेळायची माती थापली, हेड बसवलं, इंजिन फिरवलं, पुन्हा हेड काढलं आणि व्हॉल्व्हने दाबलेली माती ब्लेडने कापून तिची जाडी मोजली. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हखाली किमान दोन मिलिमीटर, बाहेर सोडणाऱ्याखाली अडीच. बाहेरच्याला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्या पाठीमागे लागलेला असतो. हे सगळं करण्यात अख्खा दिवस गेला आणि दिवसअखेर इंजिन होतं तसं सुटंच टेबलावर होतं. स्नेह्यांच्या हिशेबी त्या दिवशी काहीच काम झालं नव्हतं.

पण शर्यतीच्या इतिहासाने हिशेब वेगळा मांडला आहे. १९६७ साली शेवरोलेने कॅमेरो झेड-२८ या गाडीसाठी याच इंजिनाची ३०२ घन इंचांची आवृत्ती काढली. अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतमालिकेत इंजिन पाच लिटरच्या आत असावं लागे, त्यासाठी. लहान इंजिनातून ताकद काढायची तर ते जास्त वेगाने फिरवायचं, आणि वेग वाढला की सगळा ताण व्हॉल्व्ह यंत्रणेवर. रॉजर पेन्स्की यांच्या संघाने मार्क डोनाह्यू यांना चालक म्हणून घेऊन १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं ही मालिका शेवरोलेला जिंकून दिली. हा संघ नीटनेटक्या, काटेकोर तयारीसाठी प्रसिद्ध होता. डोनाह्यू स्वतः अभियंता होते. कारखान्यातून निघालेलं तेच पत्र्याच्या रॉकरचं स्वस्त इंजिन तासन्‌तास टिकलं, ते अशा तयारीच्या बळावर.

१९९७ साली कॉर्व्हेटबरोबर या इंजिनाचा नवा अवतार आला, एलएस-१. त्यात हलता मणी गेला. रॉकर हेडवरच्या ठरलेल्या बैठकीवर बोल्टने पक्के बसले. बेचाळीस वर्षांनी कंपनीने टेकूची उंची पुन्हा आपल्या हातात घेतली, असं म्हणायला हरकत नाही. मग मोजणी संपली का? नाही. टेकू पक्का झाल्यावर हेड घासलं किंवा कॅम बदलला तर चुकीची लांबी तेलाच्या टॅपेटवर येऊन पडते. तो एक तर जास्त दबतो किंवा मोकळा राहून वाजतो. पुशरॉड मोजावाच लागतो, फक्त कारण बदललं. २०११ साली स्मॉल ब्लॉकच्या सर्व पिढ्या मिळून दहा कोटी इंजिनं पूर्ण झाल्याचं जनरल मोटर्सने जाहीर केलं. त्यातली कितीतरी पुढे कुणा ना कुणाच्या गॅरेजमध्ये खोलली गेली आणि पुन्हा बांधली गेली असणार.

मला या इतिहासात रस आहे तो एवढ्यासाठी. तंत्रज्ञान स्वस्त झालं की ते सर्वांच्या हातात येतं, हे आपण कौतुकाने म्हणतो आणि ते खरंही आहे. लीच यांच्या पत्र्याच्या रॉकरने गॅरेजमधल्या पोरांच्या हाती शर्यतीचं इंजिन दिलं. पण शाफ्ट बोल्ट करून कारखाना जी अचूकता विकत देत होता, ती स्वस्त करताना नाहीशी झाली नाही. ती नट आवळणाऱ्याच्या अंगावर आली. ज्यांनी ती ओळखली त्यांची इंजिनं टिकली. ज्यांनी फिलर गेजची पाती बरोबर बसते एवढ्यावर समाधान मानलं, त्यांना गाईडने आणि तुटलेल्या व्हॉल्व्हने ती शिकवली.

आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘अंदाजे बसवलंय, चालून जाईल’ हे वाक्य मी उभ्या आयुष्यात असंख्य वेळा ऐकलं. रस्त्यावरच्या गाडीचं चालूनही जातं, कारण मूळ आखणाऱ्याने आपल्या अंदाजाला पुरेल एवढी सवड ठेवलेली असते. ताकदीसाठी इंजिन बांधायला घेतलं, की ती सवड आपणच खर्च करून टाकलेली असते. मग उरतात ती शाई, माती, डायल गेज आणि एका दुपारचा वेळ. जो कुणी इंजिन खोलेल, त्याने तेवढा वेळ मजुरीत धरावा. आणि जो ते बांधून घेणार असेल, त्याने तो आनंदाने द्यावा.